सगळ्यांना शोभणारा गॉगल

सगळ्यांना शोभेल असा गॉगल जगात अस्तित्वात नाही आणि तो बनवायच्या भानगडीत कुणी पडूही नये, हे माझं जाहीर मत आहे. जाहीर म्हणजे मी ते एकदा शाखेत डबा खाताना मांडलं आणि एकदा एका बारशाच्या पंगतीत. दोन्ही ठिकाणी श्रोत्यांच्या तोंडात घास असल्यामुळे ठराव बिनविरोध पास झाला. विरोध झाला तो आमच्याच घरी, आणि तोही सौ.च्या धाकट्या भावाकडून.

आता बँकेतल्या कारकुनाला गॉगलबद्दल मत असावंच कशाला, असं काही वाचक विचारतील. (कारकून हा शब्द आता कागदोपत्री राहिलेला नाही. आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. काउंटरवर येणारा माणूस मात्र अजून ‘ओ भाऊ’ असंच म्हणतो.) त्यांना माझं उत्तर असं की, या प्रकरणात आमच्या सासऱ्यांचे बारा लाख रुपये गुंतायचे आहेत आणि ते प्रॉव्हिडंट फंडातले आहेत. ज्या माणसाने छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही रिक्षाचं मीटर आपल्या खिशातून पडू दिलं नाही, त्याचे बारा लाख आहेत ते. अशा वेळी बी.कॉम. झालेल्या जावयाने गप्प बसायचं, तर मग ती पदवी घ्यायचीच कशाला?

मेहुणा एम.बी.ए. आहे. मी ज्याला गिऱ्हाईक म्हणतो त्याला तो ‘टार्गेट’ म्हणतो. आम्ही निदान गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची देतो. तर त्याने आणि त्याच्या एका मित्राने चांगल्या नोकऱ्या सोडून गॉगलचा ‘ब्रँड’ काढायचं ठरवलं आहे. ब्रँडचं नाव ठरलं, डबी ठरली, डबीतलं पुसायचं फडकंही ठरलं. राहता राहिला गॉगल. त्यासाठी दोघांनी चारशे लोकांची पाहणी केली. निष्कर्ष असा निघाला: रंग काळा, आकार चौकोनीसर, फार मोठा नको, फार लहान नको, दिसायला डिसेंट, चारचौघांत वावरणारा.

“अरे, हे गॉगलचं वर्णन नाही, स्थळाचं आहे,” मी म्हटलं.

“भावोजी, याला मास अपील म्हणतात,” मेहुणा म्हणाला.

माझं भांडण आहे ते या दोन शब्दांशी. आपल्याकडे पाहुण्याला विचारा, चहा घेणार की कॉफी? तो म्हणतो, ‘काहीही चालेल.’ आता या उत्तरावर विसंबून एखाद्याने ‘काहीही’ नावाचं पेय काढलं, निम्मा चहा आणि निम्मी कॉफी, तर ते कोण पिईल? माणूस ‘चालेल’ म्हणतो तेव्हा तो आपली आवड सांगत नसतो. समोरच्याला त्रास नको म्हणून तो बिचारा स्वतःची आवड गिळत असतो. चारशे लोकांनी चारशे वेळा ‘चालेल’ म्हटलं आणि या दोघांनी ती मागणी समजून वहीत मांडून घेतली. आमच्या बँकेत कुणी तोंडी ‘चालेल’ म्हटलं म्हणून आम्ही त्याचं फिक्स्ड डिपॉझिट उघडत नाही. सही लागते.

सरासरीचंही तसंच. चारशे चेहऱ्यांची सरासरी काढून फ्रेम बनवली की ती चारशे चेहऱ्यांना बसेल, हा समज दिसायला गणिती आहे. पण गणितानेच तो कधीचा मोडून ठेवलाय. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाने आपल्या ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. उंची, छाती, हाताची लांबी वगैरे. विमानातली बैठक सरासरी वैमानिकाला बेतून केली होती, आणि अपघात होत होते. तेव्हा गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने हिशेब मांडला की, महत्त्वाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक यात किती? उत्तर आलं, शून्य. चार हजारांत एकसुद्धा नाही! सरासरी माणसासाठी केलेली जागा कुणाचीच नव्हती. पुढे हलवता येणाऱ्या, खालीवर करता येणाऱ्या खुर्च्या आल्या. आपण गाडीत बसल्यावर सीट पुढे ओढतो ती त्याच विचारातून. आणि वैमानिकाची ही गत, तर आमच्या सासुरवाडीतल्या नाकांची काय कथा! त्या घरात पाच माणसं आणि पाच तऱ्हेची नाकं आहेत. एकाच्या नाकावरून चष्मा घसरतो, दुसऱ्याच्या नाकावर तो चढतच नाही. (तिसरं नाक आमच्या सौ.चं. त्याबद्दल मी छापील मजकुरात काही लिहिणार नाही.)

बरं, जे गॉगल आज ‘सगळ्यांना चालतात’ ते जन्माला आले तेव्हा कसे होते ते पाहा. आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये कोपऱ्यात एक आत्याबाई उभ्या असतात. प्रत्येकाच्या अल्बममध्ये असतात. त्यांच्या चष्म्याची फ्रेम दोन्ही कडांना वर चढलेली असते, मांजराच्या डोळ्यांसारखी. ही फ्रेम काढली न्यूयॉर्कच्या अल्टिना शिनासी नावाच्या बाईंनी, १९३० च्या दशकात. त्या दुकानांच्या काचेतली सजावट करायच्या. चष्म्याच्या दुकानातल्या त्याच त्या कंटाळवाण्या फ्रेमा बघून त्यांना वाटलं, बाईमाणसाने तोंडावर काय लावायचं ते जरा देखणं नको का? नाटकातल्या विदूषकाच्या मुखवट्यावरून त्यांनी कागद कापून आकार केला. मोठमोठ्या कारखानदारांनी तो नाकारला. फारच धीट, कुणी घालणार नाही! शेवटी एका दुकानदाराने हिंमत केली. १९३९ साली त्याच फ्रेमेबद्दल बाईंना लॉर्ड अँड टेलर या बड्या दुकानाचा डिझाइनचा पुरस्कार मिळाला, आणि पुढच्या वीस वर्षांत ती फ्रेम जगभरच्या आत्याबाईंच्या नाकावर जाऊन बसली. त्या कारखानदारांनी पाहणी केली असती, तर आत्याबाईंनीसुद्धा ‘गोलच बरी’ असंच सांगितलं असतं.

मेहुण्याचा लाडका दाखला म्हणजे रे-बॅनचा वेफेअरर. “भावोजी, जगातला सर्वांत लोकप्रिय गॉगल. काळा, चौकोनीसर. बघा!” अरे, पण बघा काय? १९५० च्या दशकात लोक तारेच्या नाजूक फ्रेमा घालत होते, तेव्हा रेमंड स्टेगमन या माणसाने जाडजूड प्लॅस्टिकची, कपाळावर चाल करून येणारी, वरून पुढे झुकलेली ही फ्रेम काढली. त्या काळात ते धाडसच होतं. पुढे ती मागे पडली. १९८१ साली वर्षाला जेमतेम अठरा हजार नग खपत होते. आता एखाद्या एम.बी.ए.ने काय केलं असतं? फ्रेम सौम्य केली असती. कंपनीने तसं न करता, आहे तीच फ्रेम सिनेमातल्या नटांच्या डोळ्यांवर चढवायचा करार केला. १९८३ मध्ये टॉम क्रूझ ‘रिस्की बिझनेस’मध्ये ती घालून आला आणि त्या वर्षी खप साडेतीन लाखांवर गेला. फ्रेमेचा एक कोपरा घासला नव्हता.

कोपरे घासायचा प्रयोगही झाला. १९९९ साली बॉश अँड लॉम्ब या मूळ कंपनीने रे-बॅनचा धंदा लक्सॉटिका या इटालियन कंपनीला चौसष्ट कोटी डॉलरना विकला. नव्या मालकांनी आल्या आल्या एक चांगलं काम केलं. हा गॉगल तोवर पेट्रोल पंपावरसुद्धा मिळायला लागला होता, तो त्यांनी असल्या ठिकाणांहून काढून घेतला. मग २००१ साली त्यांनाही सगळ्यांना खूश करायची लहर आली. वेफेअरर लहान केला, कडा गोलसर केल्या, पुढे झुकणं कमी केलं. का, तर तो जास्त चेहऱ्यांना बसावा. झालं काय, तर लोक जुन्या बाजारातून जुने वेफेअरर हुडकून घ्यायला लागले, आणि २००७ साली कंपनीला मूळ रूप पुन्हा बाजारात आणावं लागलं. धाकटाही अजून विकला जातो, हे मेहुण्याच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो. पण थोरला नसता तर धाकट्याला विचारलं कुणी असतं?

ओकलीचं तर काय सांगावं! जिम जॅनर्ड या गृहस्थाने १९७५ साली तीनशे डॉलरवर धंदा सुरू केला, तोही मोटारसायकलच्या मुठींचा. १९८४ साली त्याने सायकलस्वारांसाठी गॉगल काढला, तो वेल्डिंगवाल्याचा अर्धा मुखवटा वाटावा असा. अशा फ्रेमेला ‘डिसेंट’ म्हणायची चारशेत एकाची छाती झाली नसती. ग्रेग लेमाँड हा सायकलपटू तो लावून टूर द फ्रान्समध्ये उतरला, १९८६ साली ती शर्यत जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला, आणि आज आमच्या कॉलनीतला टेनिसबॉल क्रिकेट खेळणारा प्रत्येक मुलगा तसाच गुंडाळलेला गॉगल टोपीवर उलटा चढवून फिरतो. ती कंपनी २००७ साली सुमारे दोनशे दहा कोटी डॉलरना विकली गेली. तीनशेचे दोनशे दहा कोटी, बत्तीस वर्षांत. मी सवयीने व्याज काढलं. द.सा.द.शे. चौसष्ट पडतं, चक्रवाढ. मधल्या काळात ओतलेला पैसा त्यात धरलेला नाही, हे मला कळतं. पण आमच्या शाखेतल्या दरपत्रकाकडे पाहिल्यावर माणसाला थोडं स्वप्न बघायचा हक्क आहे.

आता दुसरी बाजू. ती मी लपवणार नाही, कारण ती मला ज्यांनी सांगितली ते चष्मेवाले आमच्या शाखेचे खातेदार आहेत. त्यांचं कॅश क्रेडिट आहे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट घेऊन येतात आणि माझ्या टेबलाशी बसून एक सुस्कारा सोडतात. ते म्हणाले, “साहेब, तुमचं ते डिझाइन वगैरे ठीक आहे. पण पडून राहिलेल्या मालावर व्याज मी भरतो.” मग त्यांनी मला दुकानात नेऊन खालचा खण उघडून दाखवला. आत जांभळ्या, पोपटी, षटकोनी, हृदयाच्या आकाराच्या अशा चाळीसेक फ्रेमा. “हे आमचं म्युझियम!”

हा मुद्दा खरा आहे. बुडालेला पैसा मी रोज जवळून पाहतो. म्हणून मी त्या खणात जरा जास्त वेळ डोकावलो. चाळीस फ्रेमा होत्या त्या चाळीस कंपन्यांच्या. प्रत्येकीने एका हंगामापुरतं काहीतरी चित्रविचित्र काढलं होतं आणि पुढच्या हंगामात स्वतःच विसरून गेली होती. चष्मेवाल्यांना विचारलं, “यातली कुठली फ्रेम दुसऱ्या वर्षी परत आली?” एकही नाही. याला मी धीट डिझाइन म्हणत नाही. हे शिमग्याचं सोंग झालं. धीट म्हणजे एक आकार काढायचा आणि लोक हसले तरी दहा वर्षं तोच काढत राहायचं. रे-बॅनचा ॲव्हिएटर १९३७ पासून चालू आहे. उतरत्या घंटेसारखा त्याचा तो आकार आणि वरची ती दांडी; जवळपास नव्वद वर्षं झाली, कुणी बदलायला धजत नाही.

मग मी त्यांना दुसरा प्रश्न विचारला. “आणि वरच्या खणातले काळे चौकोनी?” ते पटापट जातात म्हणाले. “नफा किती सुटतो?” यावर चष्मेवाले गप्प झाले. काळा चौकोनी घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘यात स्वस्त काय आहे?’ त्याचं बरोबरच आहे. तसलाच गॉगल शेजारच्या दुकानात आहे, समोरच्या फुटपाथवर दीडशे रुपयांना आहे, आणि मोबाइलवर त्याहून कमी. फुटपाथवरचा पोऱ्या ज्याला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतो ती बघा एकदा. तिथे नक्कल होते ती ॲव्हिएटरची, वेफेअररची. सरासरी गॉगलची नक्कल करायच्या फंदात तो पोऱ्या पडत नाही. आणि मास अपीलचं खातं त्याच्याकडेच आहे; दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही, नेमलेला एम.बी.ए. नाही. त्याच्याशी भावात स्पर्धा करून आमचा मेहुणा जिंकेल असं वाटणारा माणूस फक्त एकच आहे, तो म्हणजे मेहुणा.

मेहुण्याने माझ्यावर शेवटचं अस्त्र काढलं ते स्नॅप कंपनीचं. या अमेरिकन कंपनीने २०१६ साली कॅमेरा बसवलेला गॉगल काढला, रंगीबेरंगी, कडेला पिवळं वर्तुळ. किंमत एकशे तीस डॉलर. २०१७ मध्ये पडून राहिलेल्या मालापायी सुमारे चार कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. “बघा भावोजी, धीटपणा!” मी म्हटलं, नीट वाच. हा गॉगल सुरुवातीला आज इथे, उद्या तिथे अशा मोजक्या यंत्रांतून विकला, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या होत्या. तेवढ्यावर थांबले असते तर निभलं असतं. पण रांग पाहून कंपनीला वाटलं, हा आता सगळ्यांनाच हवा आहे, आणि सगळ्यांसाठी माल भरून ठेवला. चार कोटी डॉलर बुडाले ते पिवळ्या वर्तुळापायी नव्हे, ‘सगळ्यांना’ या शब्दापायी. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला हे असतं.

आणि मुळात मास, मास म्हणून ज्यांच्या नावाने हे लोक फ्रेमा सौम्य करतात, तो मास सौम्य आहे असं यांना सांगितलं कुणी? आपल्या कुठल्याही गावच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स पाहावा. मधे भाऊ, खाली चाळीस शुभेच्छुक, आणि निम्म्यांच्या डोळ्यांवर असे गॉगल की सूर्यानेच नजर खाली घालावी. वरातीत नवरदेव घोड्यावर बसतो तो रात्री नऊ वाजता गॉगल लावून. ‘दबंग’मध्ये २०१० साली सलमान खानने गॉगल शर्टाच्या कॉलरला मागच्या बाजूने अडकवला. मानेला डोळे नसतात हे ठाऊक असूनही पोरांनी तसेच अडकवले. तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन आणि करुणानिधी हे दोन कट्टर विरोधक मुख्यमंत्री होऊन गेले. काळ्या चष्म्याच्या प्रश्नावर मात्र दोघांचं एकमत होतं, आणि जनतेने दोघांनाही पुन्हा पुन्हा निवडून दिलं. दक्षिणेत तर ‘मास’ हिरो म्हणतात तो गॉगल नुसता घालतच नाही, हवेत फिरवून घालतो. घाबरतो तो मास नव्हे. घाबरतो तो मीटिंगमध्ये बसलेला माणूस, आणि आपली भीती तो लोकांच्या नावे खर्ची टाकतो.

एका बाबतीत मात्र मी मेहुण्याच्या शंभर टक्के बाजूने आहे. काच. काचेच्या बाबतीत धाडस नको. अतिनील किरण पूर्ण अडवणारी, ४०० नॅनोमीटरपर्यंतची काच हवी, आणि ती राव-रंक सगळ्यांना सारखीच. पुष्कळांना वाटतं काच जितकी काळी तितका डोळा सुरक्षित. उलट आहे. नुसत्या काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि काच किरण अडवणारी नसेल तर तिच्यातून जास्तच किरण आत जातात. म्हणजे दीडशे रुपये देऊन दार उघडं टाकल्यासारखं. तेव्हा काचेत लोकशाही असू दे. फ्रेमेत कुणातरी एकाचं चालू दे.

ते कुणाचं, हेही मला ठाऊक आहे. या दोघांच्या हाताखाली आर्ट स्कूलमधून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी काम करते. तिने एक फ्रेम काढली आहे. हळदीच्या रंगाची, वरची कड कौलारू घराच्या आढ्यासारखी सरळ, बाजूच्या दांड्या रुंद. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती मुळीच आवडली नव्हती. पण पंधरा दिवस झाले, ती डोळ्यांसमोरून जात नाही. काळ्या चौकोनीचा चेहरा मला आत्ता आठवा म्हटलं तरी आठवत नाही. आणि का आठवावा? ते साठ नमुने चीनमधल्या वेंझौच्या एका कारखान्याच्या तयार यादीतले आहेत. प्रत्येकी दोनशे नग, म्हणजे बारा हजार, सरासरी शंभर रुपये; झाले सासऱ्यांचे बारा लाख. तीच यादी आणखी किती मेहुण्यांना गेली असेल, कोण जाणे. दांडीवर नाव तेवढं ज्याचं त्याचं घालून मिळतं.

पिवळी फ्रेम का गाळली, असं मी विचारलं. मेहुणा म्हणाला, “चारशेत फक्त अकरा जणांना आवडली.” मी त्याच्याकडून पाहणीचे कागद मागून घेतले आणि दोन रात्री बसून वाचले, व्हाउचर तपासायची सवय आहे. काळ्या चौकोनीपुढे ओळीने ‘चालेल’, ‘ठीक’, ‘ओके’. किंमत कुणी विचारलेली नाही. पिवळीपुढे ‘भयंकर’, ‘घालणार कोण?’, ‘सर्कस’. आणि अकरा ठिकाणी शेऱ्याच्या रकान्यात उलट प्रश्न लिहिलेला आहे: कुठे मिळेल? केव्हा येणार? एकाने तर खाली ‘पाठवून द्या’ म्हणून पत्ताच दिला आहे. चारशेत अकरा म्हणजे पावणेतीन टक्के. दुकान उघडायच्या आधी पावणेतीन टक्के गिऱ्हाईक पत्ता देऊन बसलेलं मी तरी आमच्या कुठल्या खातेदाराच्या प्रकल्प अहवालात पाहिलेलं नाही.

त्या अकरा जणांचे फोन नंबर कागदावर आहेत. मेहुण्याने अजून एकालाही फोन केलेला नाही. वेंझौला ॲडव्हान्स सोमवारी पाठवायचा आहे, सासऱ्यांनी चेकवर तारीख घालायची बाकी ठेवली आहे, आणि आज शुक्रवार आहे.